शिकवण्याचा अनुभव

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं ओतकाम सांभाळणाऱ्या शैलजा तोडकरांनी एके दिवशी राजीनामा दिला आणि गावातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापकीसाठी अर्ज केला. शिकवायची हौस जुनी होती. मुलाखतीच्या दिवशी तर त्यांना सकाळपासून चहासुद्धा गोड लागेना.

समोर प्राचार्य होते आणि विभागप्रमुख डॉक्टर हुद्दार. हुद्दारांनी बाईंचा अर्ज दोन बोटांत धरून वर उचलला.

"बाई, इथे भट्टी नसते, वर्ग असतो. शिकवण्याचा अनुभव किती?"

"बावीस वर्षं, सर."

हुद्दार खो खो हसले. "अहो, कारखान्यात कुणाला शिकवत होता?"

"तुमच्याच विद्यार्थ्यांना. दरवर्षी तुमच्याकडून फर्स्ट क्लासात पास झालेली पाच-सहा मुलं आमच्याकडे नोकरीला लागायची. साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस कसा ओतायचा, हे त्यांना शिकवण्यात माझे सहा महिने जायचे."

प्राचार्यांनी तोंडावर रुमाल धरला. हुद्दार लालबुंद झाले.

"मग तिथेच शिकवायचं! इथे कशाला आलात?"

"म्हटलं, मुलं तुमच्याकडे आहेत तोवरच शिकवून टाकावं. तेवढेच त्यांचे सहा महिने वाचतील."

आता मात्र प्राचार्य मोठ्यानं हसले. हुद्दारांनी अर्ज टेबलावर ठेवला.

"तोडकरबाई, सोमवारपासून याल?" प्राचार्यांनी विचारलं.

बाई खुर्चीतून उठल्याच. "सोमवार फार लांब आहे, सर. उद्या आले तर चालेल?"