पुराचा खांब आणि पाच कारभारी

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा नद्या म्हणे आधी सांगून पूर आणायच्या. थाप वाटते ना? मलाही वाटते, पण गोष्ट ऐका.

नदीकाठच्या एका गावात साऱ्यांचं धान्य एकत्र ठेवायची रीत होती. काठालाच जमिनीत पेवं खणलेली, वर्षभराची ज्वारी त्यांत. राखायला पाच कारभारी, त्यांतले म्होरके भिकोबा. डोक्यावर मानाचं पागोटं, बैठकीला गरमागरम भजी.

पेवांच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेला एक खांब होता. पुराचं पाणी जिथवर चढे, तिथे गोजरा नावाडीण शेंदराची रेघ ओढायची. रेघ दरवर्षी वर सरकत होती.

"कारभारी, औंदा आणखी हातभर चढलं," गोजरा म्हणाली. "आता पाणी पेवांत शिरतंय बघा. टेकडीवर हलवा धान्य."

बाई खरं बोलतेय, हे भिकोबांना पक्कं ठाऊक होतं. पण टेकडीवर पेवं खणायची म्हणजे उन्हात उभं राहणं आलं, लोकांची बोलणी आली! बैठक बसली. भजी संपली. आणि भिकोबांना युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खांबच उपटला आणि टेकडीच्या उतारावर रोवला.

त्या पावसाळ्यात पाणी पेवांच्या तोंडाशी येऊन थांबलं, पण खांबाच्या बुडालाही लागलं नाही. भिकोबांनी दवंडी पिटवली, "पूर घटला हो!" लोकांनी हार घातले.

"अहो, खांब वर गेला, नदी थोडीच खाली गेली?" गोजरा ओरडली. तिचं कोण ऐकतो!

पुढच्या श्रावणात नदी सरळ पेवांत शिरली. ज्वारी कुजली. बायका रिकामी सुपं घेऊन काठावर रडत बसल्या. आता लेकरांच्या तोंडात घालायचं काय?

गाव राजाकडे गेलं. भिकोबांनी हात जोडले. "महाराज, पाऊस देवाचा. आम्ही काय ढगांना वेसण घालणार?"

"पावसाचं कोण विचारतंय?" राजा म्हणाला. "पाणी येणार, हे कळलं होतं?"

"कळलं होतं," भिकोबा पुटपुटले.

"राखण तुमच्याकडे होती?"

"होती."

"मग केलंत काय?"

"खांब हलवला की, महाराज!" मागून गोजरा म्हणाली. "रोवलाय मात्र झकास."

दरबार खो खो हसला. राजा हसला नाही. त्याने कायदाच केला: धोका कळूनही जो राखणदार हातावर हात ठेवून बसेल, त्याने नुकसान स्वतःच्या घरातून भरून द्यायचं.

पाचही कारभाऱ्यांच्या घरच्या धान्याच्या कणग्या गावासाठी उघडल्या. टेकडीवरची पेवं त्यांनाच खणावी लागली. तळहाताला फोड आलेले भिकोबा रोज गाव जेवल्यावर शेवटच्या पंगतीला बसत आणि उरलेल्या कण्या खात. त्या त्यांना गोड लागल्या, असं मात्र कुणी सांगत नाही.

बोध एवढाच: संकट थांबवणं राखणदाराच्या हाती नसतं, पण ते येताना दिसूनही तो बसून राहिला, तर जाब त्यालाच द्यावा लागतो.