अकरा घरं, एक माणूस

घाटाखालच्या खडकोली गावात यशोधन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. हुशारीला तोड नाही, आणि त्याची त्यालाही पक्की खबर! गावच्या रुग्णालयासाठी त्याने रक्तदात्यांचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर आधी वाड्या, वाडीवर टिचकी मारली की तिच्या पोटातली घरं, आणि घरावर मारली की त्यातली माणसं. वर अटी लिहायच्या. जे जुळेल ते उरायचं, बाकीचं नाहीसं व्हायचं.

वाड्यांवर फोन लागत नसत. म्हणून इंदूताई नर्स दर सोमवारी पायी फिरायच्या आणि कोण गावात आहे, कोण बाहेर गेलंय, ते विचारून आणायच्या; तीच माहिती प्रोग्रॅममध्ये भरली जायची. त्यांनी प्रोग्रॅम पाहिला आणि विचारलं, "यशोधन, अटी लिहिल्या की हा नुसती घरंच का दाखवतो रे? मला माणूस हवा."

"ताई, घर सापडलं म्हणजे माणूस सापडलाच की!" यशोधन हसून म्हणाला.

एका सकाळी हौसा नावाची बाळंतीण आली. बाळ सुखरूप झालं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह, आणि रुग्णालयात त्या गटाची एकही पिशवी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत रक्त मिळालं नाही, तर मी काही करू शकणार नाही."

यशोधनने ऐटीत दोन अटी लिहिल्या. गट ओ निगेटिव्ह, आणि गावात हजर. क्षणात अकरा घरं उरली. "घ्या! एक मागितला, अकरा दिले!" तो म्हणाला. जीप पहिल्या घराकडे सुटली.

तासाभराने जीप रिकामीच परत आली. भोइट्यांचा सदाशिव ओ निगेटिव्ह खरा, पण तो सुरतेला. घरात होते त्याचे वडील, आणि त्यांचं रक्त बी पॉझिटिव्ह. दुसऱ्या घरीही तीच गत.

"माहितीच जुनी असणार!" यशोधन सगळ्यांदेखत बोलून गेला.

इंदूताईंनी पडद्यावर भोइट्यांचं घर उघडलं. सदाशिव, ओ निगेटिव्ह, बाहेरगावी. वडील, बी पॉझिटिव्ह, गावात. सगळं जसंच्या तसं होतं.

यशोधनने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि घोळ त्याच्या ध्यानात आला. प्रोग्रॅमने एक अट मुलाला लावली होती, दुसरी बापाला, आणि दोन्ही जुळल्या म्हणून घर पास केलं होतं! हौसाचा नवरा दारातून त्याच्याकडेच बघत होता. गप्प राहिला असता तर दोष ताईंच्या माथी गेला असता. पण गडी मनाचा खरा निघाला.

"डॉक्टर, ताईंची माहिती बरोबर आहे. चूक माझी आहे. मला पाच मिनिटं द्या."

तो खाली बसला. त्याने अटी घरावरून काढल्या आणि माणसावर लावल्या. दोन्ही अटी एकाच माणसाने पुऱ्या केल्या, तरच त्याचं घर दिसायचं. बटण दाबलं आणि अकरातली दहा घरं गेली. तळाचं एक उरलं. वाकणवाडीची सगुणा कुंभार, ओ निगेटिव्ह, गावात.

या वेळी जीपमध्ये यशोधन स्वतः बसला. सगुणा चाकावरून उठली ती मातीच्या हातांनीच गाडीत चढली. "चला लवकर, हात तिथंच धुते," ती म्हणाली. तपासणी झाली, रक्त चढलं आणि दुपारच्या आत हौसाने डोळे उघडले. बाळ तिच्या कुशीत दिलं तेव्हा तिचा नवरा ढसाढसा रडला.

यशोधन इंदूताईंसमोर मान खाली घालून उभा राहिला. "ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. मी ऐकलं नाही."

"आता ऐकलंस ना? मग सोमवारी चपला घालून तयार राहा," ताई म्हणाल्या. "घरात माणसं कशी राहतात, ते दाखवते तुला."

तात्पर्य: वरवर जुळलं म्हणून काम झालं असं मानू नये, थेट आतल्या माणसापर्यंत पाहावं, आणि चूक आपली असेल तर ती लगेच कबूल करावी, म्हणजे ती सुधारायला वेळ उरतो.