उंबरकड्याची मुकी होळी

पाव्हणं, होळीला आलात ते बरं केलंत, पण आमच्या उंबरकड्यात बोंब ऐकायला मिळायची नाही. अख्खा मुलूख शिमग्याला तोंडावर हात मारून बोंबलतो, आमचं गाव खाली मान घालून उभं राहतं. समोर दरी दिसते ना? पलीकडच्या कड्यावर देवीचं ठाणं आहे. तिथल्या धुनीचा विस्तव मडक्यात घेऊन एक गडी पहाटे निघतो, सगळी दरी उतरतो, तळ ओलांडतो आणि हा उभा कडा चढून दिवस मावळायला इथं पोचतो. एकाच दिवसात. तुमच्यासारखे बूटवाले ही वाट चालले तर पुढं चार दिवस पाय चोळत बसतात. एवढं करून आलेल्या गड्याला आम्ही तोंडानं शाबासकीसुद्धा देत नाही. त्याचं कारण असं सांगतात.

काडेपेटी कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्या साली विस्तव आणायचा मान कोंडू नावाच्या गड्याकडे होता. माणूस भोळा, बोलताना अडखळायचा, म्हणून गावाच्या थट्टेचा धनी. राखेत गाडलेले निखारे घेऊन तो तळाशी पोचला. तिथं भर दुपारीही ऊन टेकत नाही. एका कपारीतून बाईचं कण्हणं ऐकू आलं. सासरी भांडून, निरोप न धाडता एकटीच माहेरी निघालेली बाई वाटेतच बाळंत झाली होती, आणि ओलं लेकरू गारठून रडेनासं झालं होतं. बाळंतिणीकडे परपुरुषानं बघायचं नाही ही रीत कोंडूनं पाळली, आत डोकावला नाही. लाकडं गोळा करून कपारीच्या तोंडाशी रचली. ओढ्याकाठची ती लाकडं ओली. सगळं मडकं ओतलं तेव्हा कुठं ती धुमसायला लागली. त्यातला एक निखारा जरी काढला असता तरी सगळंच विझलं असतं म्हणे.

"बाय, लेकराला शेकत ऱ्हा. म्या वरनं मान्सं घिऊन येतो," एवढं सांगून तो रिकामं मडकं घेऊन कडा चढू लागला.

वर गाव होळी रचून वाट बघत होतं. पाटलानं मडकं उघडलं, तर गार. कोंडू धापा टाकत म्हणाला, "खाली बाळंतीन हाये. बाज घ्या, चला."

आता बघा, आधी ज्यांचा विस्तव विझला होता त्यांनीही काहीबाही सांगितलंच होतं. कुणाला वाघ आडवा गेला, कुणाला देवीनं चकवलं. गाव हसलं. पाटील म्हणाला, "इस्तू इझला तं इझला म्हन की. दरीत कोन बाळंत व्हतंय रं?" त्यात शिमग्याचा दिवस. पाटलानंच कोंडूच्या नावानं पहिली बोंब ठोकली, मग सगळ्या गावानं. तो हात जोडून सांगत होता आणि त्या गलक्यात त्याचा शब्दही ऐकू येत नव्हता. शेवटी तो वळला आणि आल्या पावली एकटाच दरी उतरायला लागला. दिवसभर चाललेले पाय, त्यात दरीत पुनवेचं चांदणंही न पोचणारा अंधार. कुणी अडवलं नाही.

सकाळी कड्याच्या वाटेवर एक बाई दिसली. पदरात लेकरू, हातातल्या खापरात विस्तव. कशी चढली, देवीलाच ठाऊक. ती पाटलाचीच लेक होती. बापाला म्हणाली, "त्यो दादा मान्सं घिऊन येतो म्हनला व्हता. तुमाला सांगाया आला न्हाय का?"

 गाव खाली धावलं. कोंडू निम्म्या वाटेवरून घसरून खालच्या घळीत पडलेला सापडला. काहीजण म्हणतात, देवीनं त्याला आपल्याकडे नेलं. तसं म्हटलं की जिवाला बरं वाटतं. मला पटत नाही. तो आमच्या बोंबेनं मेला. सांगताना लाज वाटते, पण पाव्हण्यांशी खोटं कशाला बोलू?

होळी त्या खापरातल्या विस्तवानं पेटली. तोंडाकडे मात्र कुणाचाच हात गेला नाही.

आजही जात नाही. गडी वर आला की पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष त्याचे पाय धुतो. मडकं गार निघालं तर का विझलं हे विचारायचं नाही. टेंभे पेटवायचे, बाज खांद्यावर घ्यायची आणि दरी उतरायची. होळी मग केव्हाही पेटू दे. गेल्या साली मडकं गार निघालं. गडी बिचारा कळवळून सांगत होता, ओढ्यात पाय घसरला, मडक्यात पाणी गेलं, दुसरं काही नाही, खाली कुणी नाही. आम्ही तळापर्यंत जाऊन आलो.