लाल फडक्यापलीकडचे तळे

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा नकाशांवर गावांपेक्षा कोऱ्या जागाच जास्त असत, तेव्हा डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. तिथल्या लोकांना परदेश पाहण्याचे भारी वेड. सुगी संपली की घराघरात गाठोडी बांधली जात.

राज्याच्या वेशीबाहेर पाच खांब रोवलेले होते. शेजारचे देश पाच, म्हणून खांब पाच. प्रत्येक खांबावर एक फडके असे. पांढरे असेल तर खुशाल जा. लाल असेल तर जाऊ नका, तिथे धोका आहे. ही फडकी बांधणाऱ्या माणसाला वाटपारखी म्हणत, आणि त्याच्या डोक्यावर राजाने दिलेली केशरी पगडी असे.

पण नियम मोठा चमत्कारिक होता. पांढरे फडके पाहून गेलेल्या प्रवाशाचे काही बरेवाईट झाले, तर वाटपारखीची पगडी जायची. लाल फडके पाहून कुणी जन्मभर घरी बसला, तर मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. मग दुसरे काय होणार? एकेक करत पाचही फडकी लाल झाली. लोक गावामागच्या टेकडीवर जात, दशम्या खात आणि उतरताना एकमेकांना सांगत, "काय प्रवास झाला!"

फक्त मीठवाल्यांना कुणी अडवत नसे, कारण मिठाशिवाय आमटी होत नाही. ते आपली खेचरे घेऊन पलीकडे जात आणि परत येत. पण पलीकडे कसे आहे, हे त्यांना विचारावे असे एकाही शहाण्याला सुचले नाही.

त्या राज्यात एक म्हातारे गुरुजी होते. चाळीस वर्षे ते मुलांना सांगत आले होते, "उत्तरेच्या देशात एक तळं आहे. मोराच्या मानेसारखं निळं!" सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे. त्यांनी ते तळे कधीच पाहिलेले नव्हते. अठरा वर्षांपूर्वी ते निघणार होते, गाठोडेही बांधून झाले होते. त्याच आठवड्यात उत्तरेच्या खांबावर लाल फडके चढले. ते गाठोडे तेव्हापासून खुंटीवरच होते.

आता गुरुजींचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यात धुके उतरत होते. वैद्य म्हणाले, "पानगळ सुरू होईपर्यंत दिसेल. पुढचं माझ्या हातात नाही."

त्याच सुमारास जुने वाटपारखी थकले आणि त्यांच्या जागी सगुणा नावाची तरुण मुलगी आली. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी, आणि उत्तर पटले नाही तर खाली न बसणारी. पगडी तिला एवढी मोठी झाली की ती सारखी कानांवर घसरत होती.

जुन्या पारखींनी तिच्या हाती फडक्यांची पेटी दिली. पेटीत पांढरे फडके एकच होते, तळाशी, घडी मोडून पिवळे पडलेले.

"आजोबा, उत्तरेचं फडकं लाल का?" सगुणाने विचारले.

"मी आलो तेव्हा लालच होतं."

"पण कारण?"

"तिथली माणसं प्रवाशांना नदीत ढकलतात म्हणे."

"कुणी पाहिलंय?"

"पाहायला जाणार कोण? फडकं लाल आहे ना!" म्हातारबुवा वैतागले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, एक ध्यानात ठेव. लाल फडक्यापायी आजवर कुणाची पगडी गेलेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी काठी टेकत आले. सगुणाला वाटले, ते पांढऱ्या फडक्यासाठी विनवणी करणार. पण ते म्हणाले, "सगुणे, माझ्यासाठी पांढरं बांधू नकोस हो. माझ्यामागून आणखी माणसं जातील. जे खरं असेल तेच बांध. पण बाळ, गणित सोडवल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे मी तुला शिकवलंय."

सगुणाने पगडी मागे सारली. "मी जाऊन बघून येते, गुरुजी."

प्रधानांना हे कळले तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "वाटपारखीने वाट चालायची? अशी आपल्याकडे प्रथा नाही!"

"म्हणूनच पाच फडकी लाल आहेत," सगुणा म्हणाली, आणि एका मीठवाल्याबरोबर निघाली.

मीठवाला अबोल होता. पण त्याचे म्हातारे खेचर भलतेच बोलके निघाले. घाट चढताना ते म्हणाले, "वीस वर्षं मी या वाटेनं मीठ वाहतोय."

"मग तू कधी सांगितलं का नाहीस, तिकडे कसं आहे ते?"

"मला विचारलं कुणी?" खेचराने कान हलवले. "तुम्ही लोक खांबाला विचारता."

दोन दिवसांनी घाट संपला आणि उत्तरेचा देश लागला. समोर बर्फाचे डोंगर चमकत होते. त्यांच्या पायथ्याशी एक नदी होती. दुपार होत आली होती. मीठवाला झऱ्यावर पाणी भरायला मागे थांबला. नदीत पाणी जेमतेम गुडघाभर, तळाचे गोटेसुद्धा मोजता यावेत असे. आणि काठावर येताच खेचर खाली बसले.

"ऊठ की!" सगुणा म्हणाली.

"नाही."

"एवढंसं तर पाणी आहे. तू बस इथेच."

तिने साडीचा काचा मारला आणि ती पाण्यात शिरली. तेवढ्यात काठावरच्या झोपडीतून एक म्हातारी काठी उगारत ओरडत आली. तिच्यापुढे एक धिप्पाड माणूस धावत होता. सगुणाला वाटले, ऐकले ते खरेच होते तर! तिने पावले झपाझप उचलली, पण त्या माणसाने तिला गाठले, दंडाला धरले आणि सगळ्या ताकदीने ढकलले.

ती कोरड्या वाळूत तोंडावर पडली. पगडी लांब घरंगळत गेली.

ती उठून भांडणार, एवढ्यात वरून गडगडाट आला. मातकट पाण्याची माणूसभर उंचीची भिंत दगडगोटे लोटत आली, आणि क्षणापूर्वी ती जिथे उभी होती तिथून निघून गेली. तो माणूस काठावर बसून धापा टाकत होता.

"डोळे फुटलेत का गं तुझे?" म्हातारी कडाडली. "ऊन डोक्यावर आलं की वरचं बर्फ वितळतं. रोज याच वेळेला पाणी येतं. ते खेचर बसलंय ते उगाच?"

सगुणाने खेचराकडे पाहिले. "सांगायचंस तरी!"

"बसलो की," खेचर म्हणाले. "आणखी कसं सांगायचं?"

झोपडीत म्हातारीने तिला वाटीभर गरम पेज दिली आणि मग सांगितले, "अठरा वर्षांमागं तुमच्याकडचे बारा जण आले होते. अशीच दुपार. माझ्या मालकानं एकेकाला धरून मागं ढकललं. शिव्या खाल्ल्या, पण अकरा जण ढकलले. ते घाबरून घाटाकडे पळाले, मागं वळूनही पाहिलं नाही. बारावा ऐकेना, पळतच आत शिरला. त्याच्या मागं मालक गेले. दोघंही मिळाले नाहीत."

सगुणाने वाटी खाली ठेवली. अकरा माणसे घरी परतली होती. त्यांना ढकलणारे हात आठवले, आणि ते हात कशासाठी होते हे त्यांना सांगायला कुणी गेलेच नव्हते.

"तेव्हापासून माझा लेक रोज दुपारी काठावर बसतो," म्हातारी म्हणाली. "कुणी येत नाही, तरी बसतो. आणि आमच्याकडेही म्हणतात हो, दक्षिणेच्या देशात जाऊ नये. तिथली माणसं उपकार विसरतात."

सगुणाने पगडीवरची वाळू झटकली आणि बाहेर येऊन त्या लेकाला हात जोडले.

पण एका चांगल्या माणसावरून तिने सगळ्या देशाला चांगले ठरवले नाही. ती आठ दिवस तिथे फिरली. बांगड्या विकणाऱ्या बायकांना विचारले, अंधार पडल्यावर एकट्या घरी जाता का? धर्मशाळेच्या कड्या हलवून पाहिल्या. आजारी पडल्यावर वैद्य किती लांब, याची पावले मोजली. चोर तिथेही होते. तिची घोंगडी बाजारातून गेलीच. पण ती ओरडताच चार अनोळखी माणसे चोरामागे धावली आणि घोंगडी घेऊन परत आली. तळ्याकाठी तिला ठिगळे लावलेली एक गळकी होडीही सापडली. तिने सगळे लिहून घेतले. तळ्याकडे मात्र ती पाठ करून उभी राहिली. गुरुजींच्या आधी ते पाहायचे नाही, असे तिने ठरवले होते.

ती परतली तेव्हा वेशीवर गर्दी जमली. पेटीतून तिने ते एकुलते एक पांढरे फडके काढले. त्यावर तिने लाल धाग्याने नदी भरली होती आणि नदीवर डोक्यावर आलेला सूर्य. खाली लिहिले होते: 'नदी सकाळीच ओलांडा. काठावरच्या आजींचे ऐका. ठिगळाच्या होडीत बसू नका.'

प्रधान म्हणाले, "असं फडकं नियमात बसत नाही. लाल तरी बांध, नाहीतर पांढरं!"

"देश एका रंगाचा नाही, प्रधानजी. मी तरी काय करू?"

"उद्या कुणी बुडालं, तर पगडी जाईल तुझी!"

सगुणाने पगडी काढली आणि खांबाच्या पायाशी ठेवली. "ही घ्या. हिला सांभाळत बसले, तर मला फक्त लालच बांधता येईल. आणि पहिल्या टोळीच्या पुढे मीच चालणार आहे."

पानगळीला अजून वीस दिवस होते. गुरुजींनी घरी जाऊन खुंटीवरचे गाठोडे काढले.

त्यांच्याबरोबर अकरा जण निघाले. भल्या सकाळी ते नदीवर पोचले. म्हातारीच्या लेकाने दोर बांधला आणि एकेकाला हात धरून पलीकडे नेले. सगळ्यात शेवटी गुरुजी होते. पण ते आधी म्हातारीसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"आमची अकरा माणसं घरी आली, बाई," ते म्हणाले. "आणि आम्ही अठरा वर्षं तुमच्या मालकांना खुनी म्हणत राहिलो. आम्हाला माफ करा."

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मग नेहमीच्याच आवाजात ओरडली, "बोलत काय बसलात? ऊन चढतंय! चला, निघा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी तळ्याकाठी पोचले. सगुणानेही तेव्हाच पहिल्यांदा मान वर केली. गुरुजी बराच वेळ बघत राहिले, एका डोळ्याने, मान तिरकी करून. सगुणाला भीती वाटली, उशीर तर झाला नाही?

मग गुरुजी हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"सगुणे, अगं हे निळं नाहीच! हिरवं आहे! कैरीसारखं हिरवंगार! चाळीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवत आलो."

परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात आपली चूक सांगितली. पुढे पानगळ आली, त्यांच्या उरलेल्या डोळ्यातले धुके दाट झाले आणि त्यांना दिसेनासे झाले. पण तळ्याचा रंग कुणी विचारला, की आता ते ऐकलेले सांगत नसत, पाहिलेले सांगत.

राजाने नियम बदलला. आता वाट चालून आल्याशिवाय कुणाला फडके बांधता येत नाही, आणि दरवर्षी जुने फडके उतरवून कारण नव्याने लिहावे लागते. सगुणाला पगडी परत मिळाली. ती तिने आपल्या मापाची करून घेतली. एका खांबावरचे फडके तिने लालच ठेवले, कारण ती जाऊन आली तेव्हा तिथे खरोखर लढाई चालू होती. बाकीच्या तीन वाटा ती एकेक करून चालते आहे.

आणि पुढच्या सुगीनंतर उत्तरेच्या घाटातून दोन माणसे राज्य पाहायला आली: काठी घेतलेली एक म्हातारी आणि तिचा धिप्पाड लेक. वेशीवर अख्खे गाव उभे होते. पुढे होते ते म्हातारे खेचर, कारण वाट कशी आहे हे या वेळी सगळ्यांनी त्यालाच विचारले होते.

बोध: धोका नेमका कुठे आणि केव्हा आहे हे ज्याने जाऊन पाहिले, त्यानेच दुसऱ्याची वाट अडवावी किंवा मोकळी करावी.