दोन महाराजांची गाडी

त्या राज्याला राजे दोन होते आणि गाडी एकच होती.

वडील महाराज गेले तेव्हा दोघा मुलांत शेते, तळी, हत्ती, सगळे वाटले गेले. गाडीचे तेवढे दोन तुकडे करता येईनात. ती चारही चाकांच्या जोराने चालणारी, वेळ पडली तर अर्धे नगर पाठीवर घेणारी अशी होती. शेवटी पुढच्या दोन चाकांना जोडणारा आस थोरल्या वज्रसिंहांना मिळाला आणि मागचा धाकट्या धीरसिंहांना. इंजिनाचा जोर दोन्ही आसांना पोहोचवणारा मधला दांडा कोणी मागितलाच नाही. त्याची देखरेख दिवाण साबाजीपंतांकडे आली.

साबाजीपंत हुशार होते, आणि तेवढ्यावरच ते समाधानी होते. तरुणपणी ते गाडीच्याच कारखान्यात शिकले होते. आसाच्या पोटात दातेरी चक्रे असतात, आणि दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकाने एक फेरी घ्यायची ते त्यांचे दात ठरवतात, हे त्यांना पाठ होते. पुढचे आणि मागचे प्रमाण एकच हवे, नाहीतर एकाच गाडीची चाके दोन वेगांनी चालू पाहतात, हेही त्यांना पाठ होते.

एके दिवशी वज्रसिंहांनी त्यांना बोलावले. "पंत, आमची चाके धाकट्याच्या चाकांइतकीच फिरतात. हे आम्हाला शोभते का?"

"मुळीच नाही, सरकार," पंत म्हणाले. पुढच्या आसात वेगवान चालीची चक्रे बसली.

धीरसिंहांना हे कळले. "ओझे सगळे आमच्या चाकांवर, मग आम्ही का पळावे? आमच्या आसात जड चालीची बसवा."

"याला म्हणतात दूरदृष्टी, सरकार," पंत म्हणाले. तीही बसली.

थोरल्यांनी पंतांना शालजोडी दिली, धाकट्यांनी पालखी. त्या रात्री पंत शालजोडी पांघरून पालखीतून घरी गेले.

राज्य सगळे वाळूचे होते. वाळूत चाक घसरले तरी घसरले असे कोणी म्हणत नाही. पुढची चाके गरजेपेक्षा जास्त फिरून वाळू उधळू लागली, तेव्हा दरबारात त्याला दिमाख म्हणाले. मागची चाके रेंगाळत चर पाडू लागली, तेव्हा त्याला भारदस्तपणा म्हणाले. उधळलेली वाळू मागून चालणाऱ्यांच्या डोळ्यांत जाई. ते डोळे चोळत, आणि दरबारी कवी त्यांना आनंदाश्रू म्हणत.

मग विहिरी आटल्या. पाणी आता काळ्या खडकाच्या पठारापलीकडच्या सरोवरातच उरले होते. नगरातले शेवटचे पाणी रांजणांत भरून गाडीत ठेवले, म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे वर चढवली, आणि बाकीचे लोक मागून चालू लागले.

खडकावर चढताच गाडी कण्हू लागली. इथे चाकांना घसरायला जागा नव्हती. पुढची ओढत होती, मागची अडवत होती, आणि मधला दांडा पिळला जात होता. पायाखालच्या फळीतून पंतांना तो पीळ समजत होता. उपायही ठाऊक होता. एक आस दांड्यापासून मोकळा सोडायचा. दुसऱ्याच्या जोरावर गाडी सावकाश पार गेली असती.

ते पुढे गेले, हात जोडून उभे राहिले. "सरकार, आपला आस जरा वेळ मोकळा सोडला तर..."

"म्हणजे धाकटा आम्हाला ढकलत नेणार?"

ते मागे गेले. धीरसिंह म्हणाले, "म्हणजे थोरला आम्हाला फरफटत नेणार?"

पंत मध्ये येऊन बसले.

"पंत, हा आवाज कसला?" पुढून विचारणा झाली.

"जयघोष चालला आहे, सरकार."

दांडा कडाडून तुटला. त्याची शकले फळ्या फोडून वर आली आणि बहुतेक रांजणांत घुसली. पाणी खडकावर सांडले, आणि कोणी ओंजळ करीपर्यंत तापल्या दगडाने ते पिऊन टाकले.

तान्ह्या पोराला छातीशी धरलेली भागी पंतांसमोर येऊन उभी राहिली. "पंत, पाणी गेलं."

"चौकशी होईल," पंत म्हणाले.

दोन्ही महाराजांनी त्यांना विचारले, दोष समोरच्याचाच ना? पंतांनी दोघांपुढेही मान डोलावली.

लोक चौकशीसाठी थांबले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले, शाबूत उरलेले रांजण उतरवले आणि बांबूंना बांधले. एका बांबूचे पुढचे टोक सोनबा तेल्याने खांद्यावर घेतले, मागचे येसू कुंभाराने. बांधावरून बिनसल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. सोनबा ताडमाड, येसू बुटका. पहिल्या काही पावलांतच रांजण झोके घेऊ लागला आणि पाणी काठावर आले.

"पाऊल आखूड टाक," येसू म्हणाला.

सोनबाने मागे पाहिले नाही. पाऊल मात्र आखूड केले. येसूने आपले थोडे लांबवले.

ते गाडीच्या कडेने जाताना पंतांना ती चाल फार गावंढळ वाटली. ते पायरीवर उभे राहिले आणि हात उंचावून म्हणाले, "बाजूला व्हा रे. महाराजांच्या गाडीला वाट द्या."

दोघे थांबले नाहीत. काठोकाठ भरलेल्या रांजणातले पाणी हलत नव्हते.