खळ लावलेला अननस

एक गाव असं होतं, की तिथे लग्न ठरलं की मुलीच्या हातात आधी क्रोशाची सुई यायची, मग हिरव्या बांगड्या. रुखवतात लाडू-चकल्या कितीही मांडा, लोक आधी बघायचे तो नवरीने विणलेला अननसाचा रुमाल. पांढरा, गोल, कडेने अननसच अननस. सासरच्या बायका तो उजेडाकडे धरायच्या आणि सुनेबद्दल काय ते मत बनवायच्या. आता रुमालावरून माणूस कसं कळतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

त्या गावातल्या शालनचं लग्न ठरलं. सासूबाईंची नजर फार बारीक आहे, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं आणि तेव्हापासून तिला रुमालाशिवाय दुसरं काही सुचेना.

अननस विणायला तसा सोपा. खाली खांबांचा, म्हणजे उभ्या टाक्यांचा पंखा, त्यावर साखळ्यांच्या कमानी. दर ओळीला एक कमान कमी करत जायचं. शेवटी एकच उरते, तेच अननसाचं टोक. पण चुकलं तर लगेच कळत नाही, ही त्यातली मेख. शालनची एक कमान खालीच कुठेतरी सुटली. टोकाला पोचल्यावर बघते तर बाकीचे अननस ताठ आणि एकाची मान वाकडी.

तिने तो आत्याला दाखवला. विणायला आत्यानेच शिकवलं होतं.

"खालची कमान सुटलीय गं. उसव," आत्या म्हणाली.

"एका अननसासाठी एवढं सगळं?"

"रुमाल गोल आहे बाई. एकाची ओळ उसवायची तर सगळ्यांची उसवते. वेळ आहे अजून. मी बसते तुझ्याजवळ."

शालन हो म्हणाली, पण दोरा ओढायला हात धजेना. पुन्हा चुकलं तर? लग्नापर्यंत झालाच नाही तर? रुखवतात रुमालाची जागा रिकामी दिसली तर? विचार करून करून तिचं डोकं भणाणून गेलं.

शेवटी आत्या घरात नाही असं बघून तिने साबुदाण्याची खळ शिजवली. रुमाल त्यात बुडवला, पाटावर ताणला, वाकड्या अननसाची मान ओढून टाचण्यांनी सरळ केली आणि उन्हात ठेवला. वाळल्यावर रुमाल असा कडक झाला, की चूक शोधून सापडेना. आत्याला वाटलं, पोरीने उसवून पुन्हा विणला. तिने पाठीवरून हात फिरवला. शालनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण खळ पाण्याने सुटते, हे तिला पक्कं माहीत होतं. आता तिला पाण्याचीच धास्ती बसली. माठाजवळच्या फळीवरचा रुमाल तिने ट्रंकेत हलवला. आईने ओल्या हाताने ट्रंक उघडली तरी हिचा जीव वर-खाली. आभाळात जरासा ढग दिसला की हिचं तोंड उतरायचं. घरात सगळे लग्नाच्या आनंदात, आणि नवरी मात्र रुमालाची राखण करतेय.

लग्नाच्या दिवशीही तेच. मंगलाष्टकं कधी संपली, तिला कळलं नाही. तिचं सगळं लक्ष रुखवताच्या टेबलाकडे. तिथे कुणीतरी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला होता, अगदी रुमालाला लागून. विधी आटोपताच ती लगबगीने तिकडे गेली. सासूबाई चार बायकांना घेऊन टेबलाशी आल्याच होत्या.

तेवढ्यात तिचे वडील आले. कन्यादान होईपर्यंत आबांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि ऊन तर मी म्हणत होतं. त्यांनी घाईने तो तांब्या उचलला. पाणी हिंदकळलं.

शालनने झडप घालून तांब्या काढून घेतला.

"इथे पाणी नको, आबा."

आबांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "बरं, बाळा," म्हणाले, आणि मांडवाचा खांब धरता धरता खाली कोसळले.

शालनच्या हातात भरलेला तांब्या तसाच होता. मग तिने दुसरा विचार केला नाही. रुमाल ओढला, तांब्यात बुडवला आणि आबांच्या कपाळावर ठेवला. डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डोळे उघडल्यावर ओंजळीने घोट घोट पाणी पाजलं. कपाळावरचा रुमाल मऊ पडत गेला आणि एका अननसाची मान सगळ्यांदेखत हळूहळू वाकली.

सासूबाई पदराने आबांना वारा घालत होत्या. त्यांना ते दिसलंच.

"हा एक वाकडा आहे," त्या म्हणाल्या.

"खाली कमान सुटली होती. मी खळ लावून झाकली."

"आणि तांब्या का ओढून घेतलास?"

"रुमाल भिजला असता म्हणून." हे बोलली आणि तिला रडू आवरेना.

सासूबाई म्हणाल्या, "वाकडा अननस बघून मी नाक मुरडलं असतं, खोटं कशाला बोलू. पण रुमालापायी बापाच्या हातातलं पाणी गेलं, ते फार लागलं मला."

आबांनीच पुटपुटत म्हटलं, "रडू नको गं. पाणी गार होतं."

सासरी गेल्यावर शालनने रुमाल धुतला आणि त्या सुटलेल्या कमानीपर्यंत उसवला. आत्या सोबतीला येऊन बसली होती. म्हणता म्हणता तो पुन्हा विणून झालाही. मग शालनने तो पाण्याच्या माठावर घातला. येता-जाता ओल्या हातांनी तो दिवसभर उचलला जायचा. आबा लेकीला भेटायला आले की ते बसायच्या आत ती तांब्या भरून आणायची.

तात्पर्य काय, तर चूक उसवायला थोडा वेळ लागतो, पण झाकलेली चूक रोज राखावी लागते, आणि त्या राखणीत आपलंच माणूस तहानलेलं राहतं.