जिग्मेतला अडवणार कोण?

मुलांच्या संघात एकटी मुलगी खेळताना तुम्ही कधी पाहिली आहे का? लेहच्या जिग्मेतला तसंच खेळायचं होतं. तिच्या कॉलेजात बर्फावरच्या हॉकीचा संघ एकच, तोही मुलांचा. तिचं हे शेवटचं वर्ष आणि सामना दुसऱ्याच दिवशी. ती सगळ्या मुलांसमोर प्रशिक्षकांपुढे जाऊन उभी राहिली.

"अगं, या खेळात धडका बसतात," सर मोठ्या रुबाबात म्हणाले. "समोरची पोरं तुला चेंगरून टाकतील."

"बसू देत की, सर. लहानपणापासून तीन भावांच्या धडका खातेय."

मुलं हसली. सरांनी घसा खाकरला. "तसं नव्हे. चांगल्या घरची मुलं मुलीला धडक द्यायला कचरतात. खेळाचा विचका होतो."

"म्हणजे धडक दिली तर मी सोसणार, आणि कचरले तर मला अडवणारच कुणी नाही," जिग्मेत म्हणाली. "मग सर, असा खेळाडू तुम्ही बाहेर का बसवताय?"

सरांनी खिशातून संघाची यादी काढली आणि तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिग्मेत मुलांच्या संघातून खेळली. समोरच्यांनी तिला दोनदा आडवं पाडलं आणि तिने एक गोल केला.